पाण्याच्या मागावर : ॲडलेड ते डार्विन

दक्षिण ऑस्ट्रेलियातील ग्लेन्डाम्बो या वस्तीच्या वेशीवर एक पाटी उभी आहे, आणि तिच्यावर त्या मुलखाची खानेसुमारी मोठ्या गांभीर्याने नोंदवलेली आहे : मेंढ्या २२,५००, माश्या सुमारे २० लाख, माणसे ३०. पाटी लिहिणाऱ्याने थट्टा केली आहे हे उघड असले, तरी मेंढ्या आणि माणसे यांचे जे प्रमाण त्याने दिले आहे त्यात फारशी अतिशयोक्ती नसावी, अशी शंका पेट्रोल भरून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशास लवकरच येऊ लागते. कारण यापुढे कूबर पेडी हे खाणवाल्यांचे गाव येईपर्यंत सुमारे २५० किलोमीटरांच्या वाटेवर पेट्रोलपंप नाही, उपाहारगृह नाही, आणि ज्याच्या दारी उभे राहून तांब्याभर पाणी मागावे असे घरही नाही. ‘आजोबा, इथे काहीच नाही का?’ असा जो प्रश्न आमच्या धाकट्या नातवाने मागच्या बाकावरून केला, तो गेल्या दीडशे वर्षांत या वाटेने गेलेल्या बहुतेक परकीयांच्या मनात आलेला असला पाहिजे; आणि त्याचे उत्तर असे की, या प्रदेशात काय आहे आणि काय नाही, गाव कोठे वसले आणि रक्त कोठे सांडले, हे सारे पाणी कोठे आहे यावरून ठरलेले आहे.

ही वाट म्हणजे स्टुअर्ट हमरस्ता. पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत तो सुमारे २,७०० किलोमीटर धावतो, आणि ॲडलेडपासून पोर्ट ऑगस्टापर्यंतचे ३०० किलोमीटर त्यात मिळवले म्हणजे खंडाच्या दक्षिण किनाऱ्यावरून उत्तर किनाऱ्यावर पोहोचण्यास मुंबईहून कोलकात्यास जाण्याच्या दीडपट मजल मारावी लागते. आमच्या चिरंजीवांनी ॲडलेडला बिऱ्हाड केलेले, आणि तेथील शाळांना जुलैत हिवाळ्याची सुट्टी, असा योग जुळून आल्यामुळे तीन पिढ्या एका मोटारीत घालून हा प्रवास करण्याचे ठरले. महिना योग्य होता, हे तेथील कोणीही सांगेल. जुलैत ॲलिस स्प्रिंग्जला दिवसा हवा सुखद असते आणि रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत उतरतो. उलट डिसेंबर-जानेवारीत तोच पारा वारंवार चाळिशीच्या पलीकडे जातो, आणि त्या दिवसांत रस्त्यात मोटार बंद पडणे हा गैरसोयीचा नव्हे, तर प्राणावर बेतणारा प्रसंग ठरू शकतो. मोटार बंद पडली तर तिला सोडून मदतीच्या शोधात पायी निघू नये, तिच्याच सावलीत बसून राहावे, हा तेथील पहिला शिरस्ता. पाण्याचा साठा गरजेहून अधिक बाळगावा हा दुसरा. आणि सूर्य मावळण्यापूर्वी मुक्कामास पोहोचावे हा तिसरा, कारण कांगारू संधिप्रकाशात चरावयास बाहेर पडतात आणि दिव्यांच्या झोताने बिथरून नेमके गाडीपुढे उडी घेतात.

या रस्त्याचे खरे धनी मात्र मोटारी नव्हेत. तीन-तीन डबे ओढणारे, त्रेपन्न मीटरपर्यंत लांबीचे मालवाहू ट्रक, ज्यांस तेथे ‘रोड ट्रेन’ म्हणतात, ते समोरून येताना आपली गाडी वाऱ्याच्या धक्क्याने हलते, आणि मागून त्यांना ओलांडावयाचे असल्यास समोरचा रस्ता किलोमीटर-दीड किलोमीटर मोकळा दिसेपर्यंत संयम धरावा लागतो. मधूनच डांबरी रस्ता अचानक रुंद होतो आणि त्यावर पांढरे पट्टे ओढलेले दिसतात. ती विमान उतरण्याची जागा असते. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नाने १९२८ साली सुरू झालेली ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा, म्हणजे विमानाने रुग्णापर्यंत जाणारे डॉक्टर, निकडीच्या वेळी हमरस्त्यावरच उतरते. जेथे दवाखाना पाचशे किलोमीटरांवर आहे तेथे रस्त्याचाच विमानतळ करावा, ही तरतूद मला त्या संपूर्ण प्रवासातील मानवी शहाणपणाची सर्वांत निखळ खूण वाटली.

आता हा मुलूख इतका कोरडा का, हे पाहू. विषुववृत्तावर तापून वर चढलेली हवा दोन्ही गोलार्धांत सुमारे तीस अंशांच्या आसपास पुन्हा खाली उतरते, आणि उतरणारी हवा तापत जाऊन कोरडी होत असल्याने तेथे ढग धरत नाहीत. सहारा आणि कालाहारी याच नियमाने निर्माण झाली, आणि ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग नेमका या पट्ट्यात पसरलेला आहे. त्यात पूर्व किनाऱ्यालगत उभी असलेली ग्रेट डिव्हायडिंग रेंज ही पर्वतरांग प्रशांत महासागरावरून येणाऱ्या वाऱ्यांचे पाणी आधीच काढून घेते. ॲलिस स्प्रिंग्जला वर्षाकाठी सरासरी २८० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. परंतु खरी अडचण सरासरीची नसून लहरीपणाची आहे : पाऊस दोन वर्षे तोंड दाखवीत नाही आणि तिसऱ्या वर्षी आठवडाभरात सारे देणे चुकते करून जातो. समुद्रसपाटीहून सुमारे पंधरा मीटर खाली असलेले एअर सरोवर, ज्याचे मूळचे नाव काटी थांडा, बहुतेक काळ मिठाचे पांढरे मैदान असते. १९७४ साली ते काठोकाठ भरले, तेव्हा मिठाच्या त्या मैदानावर अफाट जलाशय पसरला होता.

मात्र पर्वतरांगेने अडवलेले सर्वच पाणी मध्यभागास अंतरले असे नाही. त्या रांगेच्या पश्चिम उतारावर पडणाऱ्या पावसाचा काही अंश सच्छिद्र वालुकाश्मात झिरपतो आणि वर्षाला अवघ्या एक ते पाच मीटरांच्या गतीने, अभेद्य खडकांच्या थरांखाली दबून, पश्चिमेकडे सरकत राहतो. सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या या भूगर्भातील जलसंचयास ग्रेट आर्टेशियन बेसिन म्हणतात. त्याने खंडाचा पाचवा हिस्सा व्यापला आहे, आणि त्याच्या दूरच्या टोकाशी वर येणारे काही पाणी दहा लाख वर्षांहूनही जुने आहे. या संचयाच्या नैऋत्य कडेला, एअर सरोवराच्या आसपास, खडकांच्या भेगांतून ते आपल्याच दाबाने उफाळते, त्यातील क्षार साचून झऱ्याभोवती लहानमोठ्या टेकड्या तयार होतात, आणि तळपत्या मैदानात अकस्मात लव्हाळे आणि पाणपक्षी दिसू लागतात. असे झरे एका वाकड्या रेषेत, एकमेकांपासून चालून जाण्याजोग्या अंतरावर, शेकडो किलोमीटर पसरलेले आहेत. अराबाना आणि त्यांच्या शेजारच्या जमातींना त्या प्रत्येक झऱ्याचे नाव आणि त्याची पुराणकथा ठाऊक होती, आणि फ्लिंडर्स पर्वतातील लाल गेरू याच वाटांनी दूरदूरच्या लोकांपर्यंत जात असे. म्हणजे ज्यास युरोपियनांनी ओसाड म्हटले ते एक जुने, पायाखालचे दळणवळण होते.

जॉन मॅक्डुआल स्टुअर्ट हा स्कॉटिश मोजणीदार या झऱ्यांपाशी १८५९ साली आला, आणि त्याचे यश या एका गोष्टीत सामावलेले आहे. त्याच सुमारास मेलबर्नहून निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेने गाड्या, जेवणाची मेजे आणि टनावारी सामान बरोबर घेतले, आणि तिचे दोन्ही नायक १८६१ साली उपासमारीने मरण पावले. स्टुअर्ट मात्र मोजकी माणसे आणि घोडे घेऊन, एका पाणवठ्यावर तळ ठोकून पुढचा पाणवठा सापडेपर्यंत तेथून न हलणारा, अशा बेताने वाट काढीत गेला. १८५८ ते १८६२ या काळात त्याने सहा मोहिमा केल्या, दोनदा उत्तरेच्या वाटेवरून परतला, आणि अखेर २४ जुलै १८६२ रोजी उत्तर समुद्राच्या पाण्यात हात बुडवून आला. परतीच्या वाटेवर स्कर्व्हीने तो इतका खचला होता की घोड्यांच्या मध्ये बांधलेल्या झोळीतून त्यास आणावे लागले. परंतु त्याच्या मोहिमांत एकही माणूस दगावला नाही. मद्यासक्त, एकलकोंडा आणि प्रकृतीने किरकोळ असा हा गृहस्थ १८६६ साली लंडनमध्ये वारला तेव्हा त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

स्टुअर्टच्या वाटेची खरी किंमत दहा वर्षांनी कळली. जावाहून समुद्राखालून उत्तर किनाऱ्यावर येणारी तार खंडाच्या पोटातून दक्षिणेस न्यावयाची, हे काम दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने अंगावर घेतले, आणि चार्ल्स टॉड या तारखात्याच्या प्रमुखाने ते दोन वर्षांत पुरे केले. सुमारे ३,२०० किलोमीटर, सुमारे ३६,००० खांब आणि त्यांवरून लोखंडाची एकच तार. २२ ऑगस्ट १८७२ रोजी तिची दोन टोके जोडली गेली, आणि जी बातमी आगबोटीने आठवडेच्या आठवडे घेत असे ती काही तासांत लंडनहून ॲडलेडला पोहोचू लागली. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे, कारण लंडनचा तो संदेश सुएझ आणि एडनवरून मुंबईस, मुंबईहून मद्रासला, आणि पुढे सिंगापूर व जावामार्गे डार्विनला जात असे. म्हणजे ऑस्ट्रेलियाचे जगाशी बोलणे आपल्या मुंबईच्या दारावरून होत होते. तारेतील प्रवाह अंतराबरोबर क्षीण होत असल्याने दर अडीचशे-तीनशे किलोमीटरांवर एक ठाणे बसवावे लागे, तेथील कारकून आलेला संदेश पुन्हा पुढे ठोकीत असे, आणि ही ठाणी अर्थातच पाण्याजवळ बसवली गेली. उत्तर भागातील लाकडी खांब मात्र वाळवीने पोखरले, आणि त्यांच्या जागी लोखंडी खांब रोवावे लागले.

या ठाण्यांना रसद पुरवली ती उंटांनी, आणि तेथे पुन्हा आपला इलाखा येतो. बर्क आणि विल्स यांचे उंट १८६० साली कराचीहून नेलेले होते, आणि थॉमस एल्डर या धनिकाने १८६६ साली पोर्ट ऑगस्टा येथे जो मोठा तांडा उतरवला तोही कराचीचाच. सिंध प्रांत त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत होता. उंटांबरोबर आलेली बलुची, पठाण, सिंधी आणि पंजाबी माणसे तेथे सरसकट ‘अफगाण’ म्हणून ओळखली गेली. त्यांनी तारेचे साहित्य, पीठ, लोकर आणि रूळही वाहून नेले, गावाच्या गोऱ्या वस्तीपासून दूर वेगळ्या आळीत राहिले, आणि ॲडलेडला १८८८–८९ साली मशीद बांधली, ती आजही उभी आहे. मोटार-लॉऱ्या आल्यावर त्यांचा धंदा बसला. कित्येकांनी उंट मारून टाकण्याचा हुकूम मानण्याऐवजी ते मोकळे सोडून दिले, आणि त्यांचे वंशज आता रानटी कळपांनी हिंडतात. ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या आगगाडीस ‘द घान’ म्हणतात, ते याच ‘अफगाणां’च्या नावाची आठवण ठेवूनच. या रेल्वेमार्गाचीही कथा पाण्याचीच आहे. वाफेच्या इंजिनास पाणी लागे, म्हणून जुना अरुंदमापी मार्ग झऱ्यांच्या रेषेतून नेला आणि १९२९ साली तो ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचला. परंतु पाण्याच्या जवळ राहण्याचा मोबदला असा की कोरड्या नद्या अचानक फुगून रूळ वाहून नेत, आणि गाडी कोठे अडकेल याचा नेम नसे. १९८० साली तो मार्ग बंद करून नवा मार्ग बराच पश्चिमेस, पुराच्या आवाक्याबाहेर घातला गेला, आणि २००४ साली तो डार्विनपर्यंत वाढला.

मोटारीच्या रस्त्यानेही हेच केले. डिझेलवर चालणाऱ्या यंत्रास झऱ्याची गरज नाही, म्हणून आजचा हमरस्ता झऱ्यांची रेषा पूर्वेस सोडून उंच, कोरड्या जमिनीवरून जातो. जुन्या वाटेने जावयाचे असल्यास मारीपासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरांचा ऊडनाडाटा हा कच्चा रस्ता आहे, ज्यावर भाड्याची मोटार नेण्यास करारात बहुधा मनाई असते. हमरस्त्याचा उत्तर भाग दुसऱ्या महायुद्धाने बांधला. दक्षिणेचा लोहमार्ग ॲलिस स्प्रिंग्जला संपत होता आणि डार्विनचा बर्डमला, मधले हजारभर किलोमीटर कोरे होते. लष्कराने ते १९४० सालापासून घाईने भरून काढले, आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी डार्विनवर बाँब टाकले तेव्हा ही घाई सार्थ ठरली. दक्षिणेकडील भाग मात्र १९८७ सालापर्यंत पूर्णतः डांबरी झालेला नव्हता.

कूबर पेडीबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याविषयी सर्वजण लिहितात. १९१५ साली विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलास तेथे ओपल सापडले, आणि सोबतच्या मोठ्या माणसांच्या सोने शोधण्याच्या मोहिमेस भलतेच फळ आले. बाहेर चाळीस अंश असताना वालुकाश्मात कोरलेल्या घरात तेवीस-चोवीस अंश असतात, म्हणून जवळजवळ निम्मे गाव जमिनीखाली राहते. त्याच्या आसपासच डिंगो कुत्र्यांपासून मेंढ्या राखण्यासाठी उभारलेले ५,६०० किलोमीटरांचे तारेचे कुंपण रस्ता ओलांडते. कुंपणाच्या दक्षिणेस मेंढ्या, उत्तरेस गुरे. आणि गुरांची कुरणे अशी की ॲना क्रीक या एकाच मालकीच्या कुरणाचा विस्तार एके काळी २३,००० चौरस किलोमीटरांहून अधिक होता, म्हणजे आपल्या संपूर्ण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याहूनही मोठा.

सरहद्द ओलांडून नॉर्दर्न टेरिटरीत, महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठ्या आणि अवघ्या अडीच लाख वस्तीच्या त्या प्रांतात शिरले की घड्याळ बदलावे लागत नाही, निदान हिवाळ्यात तरी. आणि तेथील वेळ भारताच्या नेमकी चार तास पुढे असल्यामुळे पुण्यास दूरध्वनी करताना हिशेब मांडावा लागत नाही, ही सोय बारीक असली तरी वृद्धांस मोलाची आहे. एर्लडंडा येथे हमरस्ता सोडून पश्चिमेस अडीचशे किलोमीटर गेले की उलुरू. वाटेत सपाट माथ्याचा कॉनर पर्वत दिसतो आणि बहुतेक नवखे त्यालाच उलुरू समजून छायाचित्रे घेतात. उलुरू हा मैदानावर ३४८ मीटर उंच उठलेला, साडेनऊ किलोमीटर घेराचा एकसंध वालुकाश्म आहे. एका लुप्त पर्वतरांगेतून सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेली वाळू दाबाखाली कठीण झाली, भूकवचाच्या हालचालीने तिचे थर जवळजवळ उभे वळले, आणि आपण पाहतो ते त्या उभ्या थरांचे टोक. ताजा फोडलेला हा दगड राखाडी असतो. लाल होतो तो त्यातील लोह गंजल्यामुळे. सूर्यास्ताच्या वेळी त्याचे रंग पाहण्यास माणसे दुरून येतात, पण मला अधिक मोलाचा वाटला तो त्याच्या पायथ्याचा मुटिट्जुलू पाणवठा. एवढ्या प्रचंड उघड्या खडकावर पडलेला तुरळक पाऊससुद्धा न झिरपता खाली धावतो आणि एका सावलीच्या कपारीत साठतो. एरवी जेथे काहीच टिकले नसते तेथे माणसे, पशू आणि कथा या डोहाभोवती टिकल्या. १९८५ साली २६ ऑक्टोबरला सरकारने ही भूमी तेथील मूळच्या आनंगू लोकांस सनद देऊन परत केली आणि त्याच दिवशी नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने भाड्याने घेतली. माथ्यावर चढू नये, ही त्यांची विनंती पर्यटक पुढेही अनेक वर्षे डावलीत राहिले. २०१९ साली त्याच तारखेस चढाई कायमची बंद झाली. ज्यांना खरोखर पाहावयाचे आहे त्यांना दहा किलोमीटरांची प्रदक्षिणा पुरेशी आहे, आणि प्रदक्षिणेचा अर्थ आपल्याकडच्यांना समजावून सांगावा लागत नाही.

ॲलिस स्प्रिंग्ज हे नाव टॉडच्या पत्नीचे, नदी टॉडच्या नावाची, आणि ज्या झऱ्यावरून गावास नाव मिळाले तो झराच नाही : कोरड्या नदीपात्रातील वाळूत खडकाच्या उथळ थरामुळे अडून राहिलेला तो एक डोह आहे, जो तारेची वाट आखणाऱ्या मंडळींनी झरा समजून घेतला. या कोरड्या पात्रात १९६२ सालापासून दरवर्षी नौकांच्या शर्यती भरतात, त्यांत बुडाशी भोके असलेल्या नौका उचलून माणसे वाळूतून धावतात. आणि १९९३ साली नदीस पाणी आल्यामुळे शर्यती रद्द कराव्या लागल्या. याच गावातून १९५१ साली ‘आकाशशाळा’ सुरू झाली. शेकडो किलोमीटर दूरच्या कुरणांवरील मुले बिनतारी यंत्रावरून हजेरी देऊ लागली. आता यंत्र बदलले आहे, वर्गाचे क्षेत्र नाही. आमच्या नातवंडांना ही शाळा फार आवडली. शाळेत जावयाचेच नाही, हा तिचा गुण त्यांच्या लगेच ध्यानात आला.

ॲलिसच्या उत्तरेस हमरस्ता पुन्हा तारेच्या आणि स्टुअर्टच्या जुन्या वाटेस मिळतो, आणि येथून पाण्याच्या कथेत दुसरा, अधिक कटू सूर लागतो. बॅरो क्रीक येथील दगडी तारठाण्यावर २२ फेब्रुवारी १८७४ रोजी कायटेय लोकांनी हल्ला करून दोन तारबाबूंना ठार केले. त्याच्या कारणांत त्यांच्या पाणवठ्यावर ठाणे उभे राहिले हे एक मानले जाते. त्यानंतर आठवडेच्या आठवडे पोलीस पथके त्या मुलखात फिरली आणि सापडेल त्यास गोळ्या घालीत गेली. तारबाबूंच्या थडग्यांवर दगड आहे. इतरांची मोजदादही कोणी केली नाही. याच्याच पश्चिमेस, १९२८ सालच्या भीषण दुष्काळात, कॉनिस्टन कुरणावरील एका पाणवठ्यापाशी एक गोरा डिंगो-शिकारी मारला गेला, आणि त्याच्या बदल्यात पोलिसांच्या तुकडीने केलेली हत्या सरकारी कागदातच एकतीस माणसांची आहे, प्रत्यक्षात ती बरीच अधिक होती. चौकशी मंडळाने ती न्याय्य ठरवली. आटत चाललेल्या डोहावर एकीकडे माणसे आणि दुसरीकडे हजारो गुरे येऊन उभी राहिली, तेव्हा दोघांचा निवाडा कोणाच्या बाजूने होणार हे राज्य कोणाचे यावर ठरले. टेनंट क्रीकच्या पुढे रस्त्याकाठी ॲटॅक क्रीक आहे. १८६० साली जून महिन्यात वारुमुंगू लोकांनी स्टुअर्टला याच ठिकाणाहून परत फिरवले होते. तेथे बाजूस उभ्या असलेल्या स्मारकापाशी आमच्यापूर्वी आलेली मोटार पाच मिनिटे थांबून निघून गेली.

येथून पुढे मात्र निसर्गाचा हिशेब उलटू लागतो. झाडे उंच होतात, वारुळे माणसाहून उंच होतात, मटारांका येथे चौतीस अंशांच्या स्वच्छ झऱ्यात ताडांच्या सावलीत डुंबता येते, आणि डार्विनला पोहोचेतो आपण वर्षाकाठी सतराशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात आलेले असतो. तो जवळजवळ सारा पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत पडतो, आणि त्या दिवसांत हाच हमरस्ता पाण्याअभावी नव्हे, पाण्यामुळे बंद होतो. १९९८ सालच्या जानेवारीत कॅथरिन नदी वीस मीटरांहून अधिक चढून कॅथरिन हे गाव बुडाले. तीन हजार किलोमीटर धुळीतून आलेल्या मुलांना अखेर समुद्र दिसतो तेव्हा ती धावतच किनाऱ्याकडे निघतात, आणि किनाऱ्यावरील पाट्या त्यांना अडवतात : खाऱ्या पाण्यातील मगरी, ज्यांची शिकार १९७१ सालापासून बंद आहे आणि ज्या त्यामुळे भरपूर झाल्या आहेत, बाराही महिने, शिवाय ऑक्टोबरपासून मेपर्यंत विषारी जेलीफिश. पोहावयाचेच असेल, तर शहराच्या धक्क्यालगत जाळी आणि भिंत घालून राखलेला एक समुद्राचा तुकडा आहे. तेथे जीवरक्षक असतात, आणि जागेसाठी सकाळी लवकर गेलेले बरे.